चाळणी कुठं लावलीय ते आधी बघा

शिरूर आणि दौंडच्या मधून भीमा वाहते. न्हावऱ्याहून चौफुल्याला जाताना पारगावजवळ तुम्ही ती ओलांडता. अलीकडे वडिलांची जमीन आणि पलीकडे आजोळची, अशी घरं या काठाला नवी नाहीत.

अशा घरातल्या कोणी मोबाईलवर महाभूलेख हे जमिनीच्या उताऱ्यांचं संकेतस्थळ उघडलं. तालुका शिरूर निवडला, गाव निवडलं, नाव टाकलं. यादी आली. त्याला वाटलं, आपली जमीन एवढीच. दौंडमधला तुकडा यादीत नाही म्हणून तो घाबरला. नाहीतर त्याला त्या तुकड्याचा विसरच पडला. हे दुसरं जास्त वाईट.

तुकडा कुठं गेलेला नाही. तुम्ही गाव निवडलंत तेव्हाच तो बाजूला पडला. आठ अ, म्हणजे खात्याचा उतारा, तोसुद्धा गावागणिक निघतो. नदीपलीकडे तुमचं खातं वेगळं, त्याचा नंबर वेगळा.

म्हणून मोबाईल हातात घेण्याआधी कागद घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. कुठल्या कुठल्या गावात आपलं काय आहे ते विचारून लिहा. मग एकेक गाव उघडा. यंत्राला तुमच्या घराची गोष्ट माहीत नसते. तुम्ही जे विचारता तेवढंच ते देतं, आणि मागे काय ठेवलं ते सांगत नाही.

आडनावाने शोधताना आणखी जपा. सासरचं आडनाव लावलेली आत्या त्या शोधात येत नाही. बहिणीचंही तेच. जुन्या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ए.कु.मॅ. लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तिथे धाकट्यांची नावं लागलेलीच नसतात. त्यांच्या नावाने कितीही शोधा, काही सापडणार नाही. म्हणून गट नंबर माहीत असेल तर गट नंबरानेच शोधा. तो लग्नानंतर बदलत नाही.

आता जरा बारीक गोष्ट सांगतो. समजा वाडीत तीस घरं आहेत. मी तुम्हाला म्हटलं, ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे ती घरं दाखवा. तुम्ही मला बारा घरी नेलंत. त्या गोठ्यांत म्हशी दिसल्या, तशा गायी आणि शेळ्याही दिसल्या. पुढच्या वेळी मी म्हटलं, घरं सगळी दाखवा, पण गोठ्यातल्या फक्त म्हशी दाखवा. आता तीसही घरं दिसतील. गायवाल्याचा गोठा मात्र रिकामा दिसेल.

प्रश्न ऐकायला सारखेच वाटतात. पहिल्यात चाळणी घरांना लागली, दुसऱ्यात जनावरांना. आणि दोन्हींची सरमिसळ झाली, तर बारा घरं आणि त्यांतल्या फक्त म्हशी एवढंच समोर येतं. ते बघून कोणी लिहून ठेवलं की या वाडीत गाय नाही, तर ते खोटं. पण लिहिणाऱ्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. त्याला तेवढंच दिसलं होतं.

तुमचे सातबारा आणि आठ अ हे अगदी असेच आहेत. नावाने शोधून सातबारा उघडला, की चाळणी फक्त गटांना लागलेली असते. गट तुमचे निवडले जातात. पण गट उघडला की त्यातली सगळी खाती दिसतात, इतर हक्क दिसतात, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजाही दिसतो. आठ अ वर चाळणी आत लागते. तुमच्या खात्याला प्रत्येक गटात जेवढं क्षेत्र आणि आकार, तेवढंच येतं. शेजारचा हिस्सेदार तिथे दिसत नाही. बोजाही दिसत नाही.

गट 2 हेक्टर 40 आरचा असेल आणि तुमच्या खात्याचे त्यात 60 आर असतील, तर आठ अ वर 60 आरच दिसणार. ते खातं सामाईक असेल तर तेही तुमच्या एकट्याचे नाहीत.

म्हणून कोणी नुसता आठ अ पुढे करून जमीन विकायला आला, तर पैसे देऊ नका. त्या प्रत्येक गटाचा पूर्ण सातबारा मागा. साठ आर गटाच्या कुठल्या बाजूला आहेत हे सातबाराही सांगत नाही. त्यासाठी मोजणीच लागते.

सातबारा वाचतानाही शेवटच्या ओळीपर्यंत जा. 2020 साली त्याचा नमुना बदलला. कमी झालेल्या नावांवर आता आडवी रेघ असते. ती नावं गाळलेली नाहीत, मुद्दाम ठेवलेली आहेत. प्रलंबित फेरफार आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीखही त्यावर असते. प्रलंबित फेरफार दिसला, तर आपली चावडी या संकेतस्थळावर गावाची नोटीस बघा. हरकत घ्यायला 15 दिवस मिळतात. काही खटकलं, तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, त्या मुदतीत लेखी द्या. तोंडी सांगून घरी येऊ नका. फुकट दिसणारा उतारा नुसता बघण्यापुरता असतो. कामाला लागतो तो डिजिटल सहीचा, 15 रुपयांचा.

सरकारी उताऱ्याचं निदान एक बरं असतं. नमुना ठरलेला आहे. कुठल्या कागदावर काय असतं ते एकदा शिकलं की पुरतं. तुमच्या दूध संस्थेच्या, पतसंस्थेच्या नाहीतर गुऱ्हाळाच्या हिशेबाच्या पडद्याचं तसं नाही. तो गावातल्याच एखाद्या पोराने बनवलेला असतो, आणि पोरगं हुशारही असतं. घोटाळा तिथेच होतो.

समजा दूध संस्थेत सभासदांची यादी आहे. प्रत्येक नावाखाली नोंदी आहेत. दहा दिवसांचा दुधाचा पगार, पशुखाद्याची कपात, घेतलेली उचल. सचिवांनी वर पशुखाद्य निवडलं. आता ज्यांनी खाद्य घेतलंच नाही ते सभासद यादीतून गेले. जे राहिले त्यांच्या नावाखाली फक्त खाद्याच्या नोंदी उरल्या. उचल दिसेनाशी झाली. खाली एकूण बाकीचा आकडा आहे, तोही उरलेल्या नोंदींवरूनच काढलेला. त्या आकड्यावर तुम्हाला येणंबाकी नसल्याचा दाखला मिळाला, तर तुम्ही खूश होऊन घरी जाल आणि दिवाळीच्या बोनसमधून उचल कापली की भांडाल. आणि ज्याने खाद्य घेतलं नाही, त्याचं नाव त्याच यादीवरून केलेल्या बोनसच्या यादीत नसेल. त्याचा दोष एवढाच, की त्याच्या नावावर खाद्याची नोंद नव्हती.

पोराने हे लबाडीने केलेलं नसतं. त्याने सोय बघितली. तीनशे सभासदांसाठी माहितीच्या कोठीत तीनशे हेलपाटे घालण्यापेक्षा सभासद आणि त्यांच्या नोंदी त्याने एका फेरीत आणल्या. किराणा एकदाच भरावा तसं. ते चांगलंच आहे, पडदा पटकन उघडतो. फक्त दोन्ही एकत्र बांधून आणल्यावर चाळणी कुणाला लावली ते त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

त्याला एवढं सांगा. रुबी ऑन रेल्सवर काम केलं असेल आणि सभासद व नोंदी एकाच जोडणीत आणून नोंदींवर अट घातली असेल, तर अटीबाहेरच्या नोंदी येतच नाहीत आणि जुळणारी नोंद नसलेला सभासदही गळतो. वर प्रोग्रामला वाटतं, आलेल्या नोंदी म्हणजे सगळ्याच. जँगोत उलटी फसगत होते. नोंदींवरून सभासद निवडले, तरी सोबत मागवलेल्या नोंदी सगळ्या येतात. फक्त जुळणाऱ्या हव्या असतील तर वेगळं सांगावं लागतं. वर एकाच सभासदाच्या तीन नोंदी जुळल्या तर त्याचं नाव तीनदा येऊ शकतं. तुम्हाला यातलं काही कळायची गरज नाही. त्याला कळेल.

तुम्ही तपासायचं ते सोपं आहे. तीन सभासद निवडा. एकाने खाद्यही घेतलंय आणि उचलही. दुसऱ्याने फक्त उचल घेतलीय. तिसऱ्याच्या नावावर कपातीची एकही नोंद नाही. तिघांच्या बाक्या वहीवरून हाताने काढा.

मग पडद्यावर पशुखाद्य निवडा आणि बघा. पहिल्याची एकूण बाकी बदलली का? बदलायला नको. खाद्याची बाकी वेगळ्या नावाने, वेगळ्या रकान्यात हवी. दुसरा आणि तिसरा गायब झाले का? झाले तर चालेल, पण मग यादीच्या डोक्यावर सगळे सभासद असं लिहिलेलं नको. निवड काढून टाका. तिघेही परत यायला हवेत, प्रत्येक जण एकदाच, आणि बाकी वहीशी जुळायला हवी.

हे सगळं पोराला शेजारी बसवून करा, चहा पाजून. रागावू नका. यादी छापाल तेव्हा वर काय निवडलं होतं तेही कागदावर छापून यायला सांगा, तारखेसकट. पुढच्या वार्षिक सभेत कोणी तोच कागद हातात धरून उभा राहील, तेव्हा तो अर्धा आहे की पुरा, हे तुम्हाला वरच्या ओळीवरूनच कळेल.