हप्ता सगळ्यांनाच असतो

परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्यांनी विचारलं, "काय हो, तुम्ही म्हणे भंगार विकत घेतलंय?" रोख माझ्या ट्रॅक्टरकडे होता. मी हसून जिलेबी वाढून घेतली आणि विषय बदलला. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच घोळत राहिलं. तेव्हा पंगतीत गिळलेलं उत्तर आज इथे देतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तर ते 'भंगार' म्हणजे एचएमटी २५११. दोन सिलिंडर, पंचवीस हॉर्सपॉवर, १९८६ सालचा. पिंजोरच्या सरकारी कारखान्यात १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या तंत्रज्ञानावर हे ट्रॅक्टर व्हायला लागले, म्हणून आमच्याकडची जुनी माणसं अजून त्याला नुसतं 'झेटर' म्हणतात. २०१६ साली केंद्राने तो ट्रॅक्टरचा धंदा कायमचा बंद करायचं ठरवलं. कारखाना गेला. माझा ट्रॅक्टर मात्र काल संध्याकाळी शेणखताची ट्रॉली ओढत होता.

आमची जमीन खटाव तालुक्यात, चार एकर. त्यात थोडी बाग, थोडी ज्वारी, एक पत्र्याचं शेतघर आणि पावसाळ्यात दरवर्षी वाहून जाणारा रस्ता. ट्रॅक्टरचं काम काय? फणणी, पाळी, खत ओढणं, उन्हाळ्यात टँकर, रस्त्यावर मुरूम टाकणं. वर्षाचे तास मी वहीत मांडतो. ते दीडशेच्या वर कधी गेले नाहीत. आणि मी काही जगावेगळा नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्राची सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आली, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. आता सांगा, एवढ्या रानाला सहा-सात लाखांचा नवा कोरा ट्रॅक्टर कर्जाने घ्यायचा सल्ला देणाऱ्याला काय म्हणावं?

मला काय म्हणावं ते मला माहीत आहे, कारण तो सल्ला देणारा एकदा मीच होतो.

२०१० ची गोष्ट. माझ्या थोरल्या चुलतभावाकडे असाच जुना ट्रॅक्टर होता. मी तेव्हा पुण्यात नोकरीला. दिवाळीत गावी गेलो आणि लॅपटॉपवर एक्सेल उघडून दादाला हिशोब करून दाखवला. जुन्याचं डिझेल जास्त, दुरुस्ती जास्त, नव्यावर भाड्याची कामं घेता येतील, सहामाही हप्ता आरामात निघेल. दादा म्हणाला, "तू शिकलेला आहेस, तुला जास्त कळतं." जुना ट्रॅक्टर वजनावर गेला. नवा आला, हार घालून, पेढे वाटून. सातबाऱ्यावर बोजा चढला.

माझ्या एक्सेलमध्ये पावसाचा रकाना नव्हता. २०१२ ला पाऊस गेला, २०१३ च्या उन्हाळ्यात तर माणसांना प्यायला टँकर. भाड्याने नांगरून घेणार कोण? दोन हप्ते थकले. एक दिवस वसुलीवाले आले आणि भर दुपारी, सगळ्या आळीसमोर ट्रॅक्टर घेऊन गेले. वहिनींनी मला फोनवर सांगितलं तेव्हा त्या रडत नव्हत्या, याचंच जास्त वाईट वाटलं. दादा मला आजपर्यंत एका शब्दाने बोललेला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

असो. तर माझा मुद्दा असा, की हप्ता प्रत्येक ट्रॅक्टरला असतो. नव्याचा हप्ता बँकेला जातो, जुन्याचा हप्ता हाताने भरावा लागतो. बँकेचा हप्ता दुष्काळ बघत नाही. हाताचा हप्ता मात्र रान पडून असेल त्या वर्षी आपोआप कमी होतो. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहतो, चारा मागत नाही, व्याज मागत नाही. छोट्या शेतकऱ्याने यातला कुठला हप्ता आपल्याला झेपतो ते बघावं. मग मॉडेल, रंग आणि शेजाऱ्याचं तोंड.

यावर ठरलेला प्रश्न येतो. "पण जुन्यात सारखं काहीतरी निघत असेल ना?" निघतं की! मी २०१९ ला एक लाख वीस हजाराला घेतला, आणि पहिल्याच वर्षी क्लच प्लेट, नोझल आणि मागचा एक टायर मिळून चाळीस हजार गेले. हे लपवण्यासारखं नाही. 'जुना म्हणजे स्वस्त' म्हणणारा माणूस नव्याच्या सेल्समनइतकाच खोटं बोलतो. जुना घेताना बैल घेतल्यासारखा घ्यावा लागतो, दात बघून. मालकाला आधीच सांगावं, मी यायच्या आधी चालू करून ठेवू नका. गरम इंजिन सगळी पापं झाकतं. थंड इंजिनाला सेल मारावा आणि धूर बघावा. पहिल्या मिनिटाचा पांढरा धूर माफ, निळा असेल तर ऑइल जळतंय, लोड नसतानाही काळा ओकत असेल तर नोझल, पंप नाहीतर एअर क्लीनर. ब्रीदरमधून भकाभका वाफ येत असेल तर पिस्टन-रिंगा संपल्यात. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर नमस्कार करून घरी यावं, पाणी ऑइलात उतरलंय. हायड्रॉलिकवर कल्टिव्हेटर उचलून इंजिन बंद करावं आणि निवांत चहा प्यावा. चहा संपेपर्यंत कल्टिव्हेटर जमिनीवर टेकला तर किमतीतून तेवढे पैसे कापून घ्यावेत. आणि सगळ्यात आधी आरसी बुक. चासी नंबर, इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघावा, कुठल्या फायनान्सचा बोजा राहिलाय का ते बघावं. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ते मालकाने केलंय का, हेही विचारावं. 'पंधरा वर्षं झाली की सरकार ट्रॅक्टर भंगारात घालतं' ही पारावरची बातमी आहे, तिच्या नादाने चांगला ट्रॅक्टर कवडीमोलाने विकू नका.

घेतल्यावर मग खरा हप्ता सुरू. दर आठवड्याला ग्रीस. धुळीच्या दिवसांत एअर क्लीनरची ऑइलची वाटी उघडून आतला चिखल काढायचा, नवीन ऑइल खुणेपर्यंत भरायचं. इंजिन मरतं ते म्हातारपणाने कमी आणि धुळीने जास्त. डिझेल फिल्टर वेळेवर. रेडिएटरमध्ये विहिरीचं क्षाराचं पाणी घालायचं नाही. या कामांना इंजिनिअर लागत नाही, रविवार लागतो.

पहिल्या पावसाळ्यात माझं डिझेल संपलं आणि सिस्टीमने एअर धरली. डिझेल ओतलं, सेल मारून मारून बॅटरी उतरवली, ट्रॅक्टर ढिम्म. दादा बांधावरून बघत होता. शेवटी आला, म्हणाला, "सरक." चौदाचा पाना घेतला, फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, फीड पंपाची मूठ दाबत राहिला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. स्क्रू आवळला. मग नोझलच्या पाइपांचे नट ढिले करून मला सेल मारायला लावला (बॅटरी त्याच्या पंपावरून आणली होती), डिझेल उडालं तसे नट आवळले. दुसऱ्या सेलला इंजिन बोललं. दहा मिनिटांचं काम. "एवढंच असतं," दादा हात पुसत म्हणाला. नवा ट्रॅक्टर गेल्यावर सहा वर्षांनी त्याने पहिल्यांदा कुठल्या स्टिअरिंगला हात लावला होता.

ही उघडून बघता येण्याची गोष्ट साधी नाही, मंडळी. ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे त्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक्स आलं. धूर कमी झाला हे चांगलंच, त्यावर माझं भांडण नाही. पण बिघाड कॉम्प्युटर लावल्याशिवाय कळत नसेल आणि कॉम्प्युटर फक्त कंपनीकडे असेल, तर ती वस्तू आपली किती? अमेरिकेत शेतकऱ्यांचा हाच तंटा चालू आहे. आपल्याकडेही केंद्राने २०२२ ला दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं होती. लहान ट्रॅक्टर अजून बरेचसे पान्याने उघडतात. तोवर उघडायला शिकून घ्या.

आता माझ्याच बाजूचे दोष. जुन्या ट्रॅक्टरला उलटल्यावर माणसाला वाचवणारी चौकट नसते. उताराच्या बांधावर मी तो आडवा चालवत नाही. झाडाचं खोड साखळीने ओढायचं तर साखळी खालच्या हुकालाच, वर बांधली तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर आपल्याच अंगावर येतो. पीटीओच्या शाफ्टला झाकण नव्हतं, ते मी पहिल्या महिन्यात करून घेतलं. उपरण्याचं टोक तेवढं अडकायचा अवकाश असतो. हे ज्याला जमणार नाही त्याने जुना घेऊ नये. तसंच, ज्याच्याकडे वर्षाला सातशे-आठशे तास भाड्याचं पक्कं काम आहे, त्याने खुशाल नवा घ्यावा. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही १२ चा ५ टक्के झालाय. पण 'जीएसटी उतरला' हे ट्रॅक्टर घ्यायचं कारण होऊ शकत नाही. कारण रानात असावं लागतं, जाहिरातीत नव्हे.

आणि जुना घेऊन त्याला चकचकीत रंग मारून फार्महाऊसच्या दारात फोटोपुरता उभा करणाऱ्यांनाही एक सांगणं. त्याला कामाला लावा, नाहीतर ज्याला गरज आहे त्याला द्या.

पाहुणे, तर हे माझं उत्तर. भंगार मी घेतलेलं नाही. भंगारात एकदा चांगला ट्रॅक्टर घालायला लावला होता, त्याचा हप्ता अजून फेडतोय. हल्ली दर रविवारी सकाळी दादा येतो, काही न बोलता ग्रीस गन उचलतो. मी एअर क्लीनर उघडतो.