सरकारी नमुने

'नमुना' हा शब्द आपण मराठीत दोन अर्थांनी वापरतो. एक नमुना तलाठ्याच्या दप्तरात असतो आणि दुसरा प्रत्येकाच्या नात्यात एखादा असतोच. आमच्या सरकारने कागदावर केले ते पहिल्या अर्थाचे नमुने आणि संगणकावर केले ते दुसऱ्या अर्थाचे, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी आखाडा बाळापूरच्या बसस्टँडवर चहा पिताना अनेकांना ऐकवलं आहे. अजून कुणी खोडून काढलेलं नाही. अर्थात चहाचे पैसे मी देत होतो, हेही खरं.

आता कागदाचंच बघा. गाव नमुना सात हक्काचा, गाव नमुना बारा पिकांचा. दोघांचं लग्न लागलं की सातबारा. आठ-अ खातेदाराचा. असे एक ते एकवीस नमुने. अँडरसन नावाच्या साहेबाने हे सगळं एका पुस्तकात बसवून दिलं, आणि त्या पुस्तकाचं नाव तलाठी मंडळी आजही आदराने घेतात. आमच्या बाळापूरचा शेतकरी उद्या सावंतवाडीत जमीन घ्यायला गेला, तर भोगवटादाराचं नाव कुठल्या रकान्यात बघायचं हे त्याला कुणाला विचारावं लागत नाही. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आम्ही रात्री परभणीकर म्हणून झोपलो आणि सकाळी हिंगोलीकर म्हणून उठलो, पण सातबाऱ्याचा रकाना जागचा हलला नाही. याला म्हणतात राज्य!

एस.टी.चंही तेच. १९४८ साली पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली. तेव्हापासून दोरी ओढली की घंटी वाजते आणि एक घंटी म्हणजे थांबा, हे महाराष्ट्रातल्या पोरासोरांना पाठ. आमच्या नांदेड-हिंगोली रस्त्यावरचा मैलाचा दगड डोक्याला पिवळा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असला तर राज्याचा. न वाचताही कळतं.

आणि संगणकावर? गेल्या उन्हाळ्यात मला चार दाखले लागले, म्हणून चार सरकारी संकेतस्थळांच्या पायऱ्या चढलो. नावं सांगत नाही, मला अजून दाखले लागायचे आहेत. एकाचं दार उजवीकडे वर, दुसऱ्याचं डावीकडे खाली. तिसऱ्यावर 'येथे क्लिक करा' असं लिहिलेलं. तिथे क्लिक केलं की मंत्रिमहोदयांचा फोटो मोठा होई. एकाला माझं नाव फक्त इंग्रजीत हवं, दुसऱ्याला फक्त मराठीत. चौथ्याने जन्मतारीख मागितली आणि कॅलेंडर उघडून दिलं. माझा जन्म १९५० चा. बाण दाबत दाबत मी एकेक महिना मागे निघालो. वाटेत मुलीचं लग्न लागलं, आणीबाणी लागली, बहात्तरचा दुष्काळ लागला, आणि मॅट्रिकच्या निकालापाशी पोहोचतो तोच पडद्यावर अक्षरं आली : 'आपली वेळ संपली आहे.' या वयात असं वाक्य एकदम अंगावर येतं हो!

माझं ठीक आहे, मला निदान दिसतं तरी. आमचे एक स्नेही आहेत, पेटीमास्तर. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. पण गडी हिकमती. फोनला बोलायला लावलं आहे, पडद्यावरचं सगळं तो वाचून दाखवतो. वर्तमानपत्र मास्तर माझ्याआधी ऐकून मोकळे होतात. सरकारी अर्ज उघडला की मात्र फोन बिचारा म्हणत राहतो, "बटण. बटण. चित्र. बटण." कसलं बटण, ते करणाऱ्याने लिहिलेलंच नसतं, फोन तरी काय बोलणार? शेवटी ती वेडीवाकडी अक्षरं येतात : ओळखा आणि तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. मास्तर म्हणाले, "सत्तर वर्षं माणूस म्हणून काढली, आता या यंत्राला पटेना!"

मग आम्ही बाजारातल्या सेवा केंद्रावर जातो. तिथला पोरगा भला आहे. "साइट उघडंना गुरुजी, उद्या या," एवढंच त्याचं म्हणणं. आम्हा सगळ्यांचे पासवर्ड त्याच्या दोनशे पानी वहीत आहेत. मास्तर एकदा परत येताना हळूच म्हणाले, "पैशाचं काही नाही हो. पण माझ्या खात्यात किती आहेत, हे मला त्याच्या तोंडून ऐकावं लागतं. आणि रांगेतल्या सगळ्यांना."

तर मंडळी, इथे माझा विनोद संपतो.

सरकारला हे ठाऊक नाही, असं नाही. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २००९ मध्ये काढली; तिसरी आवृत्ती २०२३ ची. जिल्ह्याजिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने एक सामाईक साचाही केला, आणि छान केला. पण तो साचा दिवाणखान्याचा. माहिती तिथे मिळते; अर्ज भरायला पुन्हा खात्याच्या परसदारी जावं लागतं. रंग, चिन्हं, अक्षरं एकसारखी असावीत म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्राची आणखी एक पुस्तिका आली. पुस्तिकांना आपल्याकडे तोटा नाही. दिव्यांगांसाठीच्या सोयींबाबत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला बजावलं की कायदा सक्ती सांगतो आणि नियम नुसता सल्ला देतो, हे चालायचं नाही. ३० एप्रिल २०२५ ला तर त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला.

माझा भाचा संगणकात आहे. तो म्हणतो, "मामा, सगळं एकसारखं केलं तर वैविध्य कुठे राहील?" अरे बाबा, वैविध्य गणपतीच्या आराशीत असावं! दाराची कडी कुठे आहे, या बाबतीत मला वैविध्य नको. "आणि साचाच चुकला तर चूक सगळीकडे जाईल!" जाईल ना. पण दुरुस्तीही एकाच जागी करून सगळीकडे जाईल. आज प्रत्येक खातं आपापली चूक स्वतंत्र निविदा काढून करतं. ब्रिटनने २०१२ पासून खात्याखात्यांची संकेतस्थळं एका छपराखाली आणली, आणि बटणापासून तारखेच्या रकान्यापर्यंतचे नमुने २०१८ मध्ये सर्वांसाठी खुले केले. तिथे जन्मतारखेला कॅलेंडर नाही. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने. तीन रकाने! हे तर अँडरसन साहेबालाही सुचलं असतं.

म्हणून मी काही नवं मागत नाही. एकवीस नमुने आहेतच; बाविसावा करा. त्यात नावाचा रकाना, तारखेचा रकाना, आपलं नाव सांगणारं बटण आणि न बघताही माणूस ठरवणारी एखादी खूण, एवढं बसवा. मास्तरांसारख्या चार जणांकडून आधी तपासून घ्या, आणि मग प्रत्येक खात्याला सक्तीने वापरायला लावा. सल्ला नको.

जरा लवकर करा मात्र. त्या पोराची वही भरत आली आहे.