सापडलं का काही?

१९८६ च्या हिवाळ्यात आमच्या भूशास्त्राच्या वर्गाची सहल मलांजखंडला गेली होती. नागपूरहून गोंदिया, तिथून बालाघाटपर्यंत छोटी लाइन आणि पुढे बैहरच्या जंगलातून बस. तांब्याची ती प्रचंड उघडी खाण सुरू होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. घरी परतलो तर पायांतले बूट काढण्याआधीच आईने विचारले, "सापडलं का काही?" तिच्या लेखी जमिनीत शोधायला गेलेला माणूस एक तर सोने घेऊन येतो, नाही तर हात हलवीत.

मी खिशातून गारगोटीचा एक तुकडा काढला. त्यात करड्या, चकचकीत पापुद्र्यांचा ठिपका होता. आईने बोटाने चोळला; बोट काळे झाले. "इश्श, हे तर शिसपेन्सिलीतलं!" ती म्हणाली.

आई चुकली होती. पण तिच्या आधी शतकानुशतके युरोपातले जाणकारही तसेच चुकत आले होते. त्या खनिजाचे नाव मॉलिब्डेनाइट. ग्रीक भाषेत 'मॉलिब्डोस' म्हणजे शिसे. करडे, मऊ आणि बोटाला लागणारे जे जे काही, ते सगळे या एकाच नावाखाली खपत असे. आपल्या शिसपेन्सिलीत तरी शिसे कुठे असते? १७७८ साली स्वीडनच्या शेले या रसायनतज्ज्ञाने दाखवून दिले, की हे शिसेही नाही आणि ग्रॅफाइटही नाही. १७८१ मध्ये त्याच्याच मित्राने, येल्मने, त्यातून नवा धातू वेगळा केला. तो मॉलिब्डेनम.

आमच्या सरांची युक्ती याहून सोपी होती. फुटक्या कपाचा चकचकीत तुकडा ते नेहमी झोळीत ठेवत. त्यावर ग्रॅफाइट घासले तर रेघ करडी-काळी उमटते, मॉलिब्डेनाइटच्या रेघेत हिरवट झाक असते. शिवाय हातात घेतले की मॉलिब्डेनाइट ग्रॅफाइटच्या दुपटीहून जड.

एवढ्याशा ठिपक्याचे कौतुक कशाला, असे कुणी विचारील. पोलादात थोडे मॉलिब्डेनम मिसळले की ते भट्टीच्या उष्णतेतही ताकद सोडत नाही. खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलमध्ये ते शेकडा दोन-तीन भाग असते. आणि विदर्भातल्या शेतकऱ्याच्या तुरीच्या मुळांवर ज्या गाठी असतात, त्यांतले जीवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात तेही मॉलिब्डेनमच्याच आधाराने.

निसर्गात ते साठते कसे? जमिनीखाली खोल ग्रॅनाइटचा रस थिजत जातो, तेव्हा शेवटी उरते ते खनिजांनी भारलेले तप्त पाणी. ते खडकाच्या भेगांत घुसते आणि निवता निवता तिथे गारगोटीच्या शिरा तयार होतात. या शिरांच्या कडेला मॉलिब्डेनाइटचे पापुद्रे बसतात. असे पापुद्रे जगात हजारो ठिकाणी सापडतात. खाण मात्र मोजक्याच ठिकाणी होते, कारण सापडणे वेगळे आणि पुरेसे सापडणे वेगळे. नावाजलेल्या खाणीतसुद्धा टनभर दगडातून दोन-तीन किलोच माल निघतो. मलांजखंडला तर तांबेच मुख्य. मॉलिब्डेनाइट त्याच्या आडोशाने राहणारा पाहुणा.

'सापडले' आणि 'खाण' यांच्यामधली वाट फार लांब आहे. आधी डोंगर पायी तुडवून नकाशा करायचा, ओढ्यातली माती तपासायची, मग चर खणायचे. त्यानंतर हिऱ्याच्या दातांचे ड्रिल लावून खडकाचे लांब दंडगोल, म्हणजे कोअर, बाहेर काढायचे. त्यातही मॉलिब्डेनाइट खट्याळ. ते इतके मऊ, की ड्रिलच्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि प्रयोगशाळेत आकडा खरा त्याहून कमी येतो. या वाटेवर दहा जण निघाले, तर मुक्कामाला एखादाच पोहोचतो.

हे सांगण्याचे कारण असे, की आज देशात पुन्हा एकदा खनिजांचा ज्वर चढला आहे. २०२३ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली. तीत मॉलिब्डेनम आहे. तमिळनाडूच्या धर्मपुरी जिल्ह्यात, हरूरच्या परिसरातल्या गारगोटीच्या शिरांत ते आहे हे भूशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिथले पट्टे लिलावाच्या पहिल्या फेरीत आले. आपली गरज परदेशातून भागते. तेव्हा शोध घ्यायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण सगळेच, वर्तमानपत्रे आणि वाचक दोघेही, माझ्या आईसारखेच विचारतो : सापडलं का काही? २०२३ च्या फेब्रुवारीत जम्मूतल्या रियासीला ५९ लाख टन लिथियमचा अंदाज जाहीर झाला आणि घरोघरी खजिन्याची भाषा सुरू झाली. तो प्राथमिक अंदाज होता, हे वाक्य कुणी वाचलेच नाही. पुढच्या वर्षी पुरेसे बोलीदार न आल्याने लिलाव रद्द झाला, तेव्हा तितक्याच घाईने सगळे गप्प झाले. खजिना नाही म्हणजे शून्य, हा हिशेबच चुकीचा आहे.

'नाही'चीही किंमत असते. कोलोरॅडोत १८७९ मध्ये चार्ल्स सेंटर नावाच्या माणसाला डोंगरावर करड्या शिरा दिसल्या. ते काय आहे हे त्याला कित्येक वर्षे कळलेच नाही आणि त्याला गिऱ्हाईकही नव्हते. पहिल्या महायुद्धात तोफांच्या पोलादासाठी मागणी आली आणि तोच क्लायमॅक्सचा डोंगर जगातली सर्वांत मोठी मॉलिब्डेनमची खाण झाला. दगड तोच होता, काळ बदलला. म्हणून आजचा 'परवडत नाही' असा शेरासुद्धा नीट जपून ठेवायचा असतो.

आपण जपतो का? पुढे मी शिक्षक झालो. एकदा विद्यार्थ्यांना जुने कोअर दाखवावे म्हणून एका कचेरीत गेलो. आवारात लाकडी पेट्या पावसात पडलेल्या, वाळवीने खाल्लेल्या होत्या. खोलीचे आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या विरून गेलेल्या. चौकीदार म्हणाला, "साहेब, यात काही निघालं नाही ना, म्हणून ठेवलंय बाहेर." लाखो रुपये खर्चून जमिनीच्या पोटातून काढलेले ते पुस्तक, पृष्ठांक पुसले की त्याचा नुसता दगड होतो. उद्या कुणी तिथेच पुन्हा ड्रिल लावील आणि आपल्याच पैशाने तेच 'नाही' पुन्हा विकत घेईल. नव्या शोधमोहिमेतला थोडा पैसा या जुन्या पेट्यांसाठी छप्पर, याद्या आणि माणसे यांवर आधी खर्च व्हावा, एवढेच माझे मागणे आहे.

आणि मलांजखंडचा तो पाहुणा? मॉलिब्डेनाइटमध्ये रेनियम नावाचा धातू अत्यल्प असतो आणि अतिशय संथपणे त्याचा ऑस्मियम होत राहतो. त्या घड्याळावरून तिथल्या मॉलिब्डेनाइटचे वय मोजले गेले आणि २००४ साली प्रसिद्ध झाले : सुमारे २४९ कोटी वर्षे. मलांजखंडचे तांबे केव्हाचे, हे सांगितले ते या किरकोळ समजल्या गेलेल्या पापुद्र्यांनी.

तेव्हा आई नव्हती. असती तर तो तुकडा पुन्हा तिच्या हातात ठेवून म्हणालो असतो, "हो आई, सापडलं."