इंजिनाचे आसन

कारखान्याच्या नकाशात ज्याला माउंटिंग म्हणतात आणि आपल्या गॅरेजांतील जुने कारागीर ज्याला अजूनही फाउंडेशन म्हणूनच ओळखतात, त्या इंजिनाच्या आसनाविषयी या अंकात लिहिण्याचे कारण गेल्या उन्हाळ्यात उमरग्याजवळ, हैदराबादच्या हमरस्त्याला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्हांला सापडले. तेथे एका तरुण कारागिराने केवळ हौसेपोटी, जुन्या मोटारसायकलचे इंजिन घेऊन, तीन चाकांची एक गाडी उभी केली होती. चौकोनी पाइपच्या त्या चौकटीचे सांधे त्याने ग्राइंडरने इतके गुळगुळीत केले होते की वेल्डिंग कोठे संपते आणि पाइप कोठे सुरू होतो हे बोट फिरवूनही उमगू नये. परंतु गाडी चालू झाल्याला दोन आठवडे होतात न होतात तोच इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेसचा मागचा कान तडकला. तो तडा आम्हांला दाखवीत तो म्हणाला, "सायेब, पट्टी तर सहा एमएमची घातलीय की, मग तुटलं कशानं?"

आम्ही त्याला दुसऱ्या कानाचा बोल्ट काढायला सांगितला. त्याने पान्याने नट सोडवला आणि मग बोल्ट बाहेर काढण्यासाठी सहजपणे हातोडा उचलला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या हातोड्यातच होते.

आपल्याकडे आसनाची पट्टी ठरवताना कारागीर प्रथम इंजिनाचे वजन विचारतो, आणि येथेच हिशोबाची पहिली चूक होते. एकसिलिंडर इंजिनाचे वजन असे कितीसे असणार? चाळीस-पन्नास किलोंचे ओझे तीन एमएमची पट्टीही बिनतक्रार पेलील. आसनाला खरा सामना करावा लागतो तो साखळीच्या ओढीशी. इंजिनाचा टॉर्क २८ न्यूटन-मीटर धरला आणि प्राथमिक घट व पहिला गिअर मिळून तो सहापट होतो असे मानले, तर पुढच्या स्प्रॉकेटवर १६८ न्यूटन-मीटर येतात. त्या स्प्रॉकेटची त्रिज्या चार सेंटिमीटर असेल तर साखळी इंजिनाला ४,२०० न्यूटनांनी, म्हणजे सव्वाचारशे किलोंहून अधिक बळाने मागे खेचते. चढावर क्लच झटक्याने सोडला की ही ओढ क्षणभर याहूनही वाढते. याखेरीज कंप आहेतच. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा पिस्टन तासाला १,८०,००० वेळा वर-खाली होतो, आणि त्यातील प्रत्येक हेलकावा वेल्डिंगच्या कडेशी पोहोचतो. सहा तासांच्या प्रवासात त्या सांध्याने दहा लाखांहून अधिक हिसके सोसलेले असतात. पोलाद एका घावाने तुटत नाही तेथे या अखंड थकव्याने तुटते, आणि तडा नेमका तेथूनच निघतो, जेथे वेल्डिंगची कडा खोल चरली आहे किंवा देखणेपणाच्या आग्रहाने ग्राइंडरने सांध्याचे मांसच काढून टाकले आहे.

या कंपांवर रबराचा उपाय सर्वांना ठाऊक आहे, पण रबराचाही एक हिशोब असतो. इंजिनाच्या ओझ्याने रबर दोन मिलिमीटर दबले, तर त्या आसनाची स्वतःची कंपनसंख्या सेकंदाला साधारण ११ भरते. आणि बाहेरून येणारा कंप तिच्या किमान १.४ पट झाल्यावाचून रबर त्याला अडवू लागत नाही. एकसिलिंडर चारस्ट्रोक इंजिन मिनिटाला १,२०० फेऱ्यांवर संथ चालत असता सेकंदाला २० हेलकावे देते, ते हे रबर अडवील. मात्र स्फोट सेकंदाला १० होतात, आणि ते रबराच्या स्वतःच्या लयीला जाऊन मिळतात. उभ्या रिक्षाचा थरथराट आणि तीच रिक्षा वेग घेताच निवळणारा तिचा आवाज यांचे मर्म बरेचसे यात आहे. म्हणून हाताला लागले ते रबर आसनाखाली सारण्याची आपली पद्धत आम्हांला मान्य नाही.

जगाने हा प्रश्न कसा सोडवला, हे पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत १९३१ साली प्लिमथ मोटारीत क्रायस्लरने इंजिनाला दोनच ठिकाणी रबरावर तोलले, पुढे उंचावर आणि मागे खाली, अशा रीतीने की त्या दोन बिंदूंना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जावी; पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने ती युक्ती परवान्याने घेतली. दुचाकीत मात्र साखळीमुळे अडचण येते, कारण रबरावर बसवलेले इंजिन साखळीच्या ओढीने मागे सरकते आणि साखळीची रेघ तिरपी होते. नॉर्टन कमांडोने १९६७ साली इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा स्विंगआर्म या तिघांना एकत्र बांधून ती सबंध जुडीच रबरावर ठेवली, म्हणजे साखळीची ओढ जुडीच्या आतच जिरली आणि रबराकडे केवळ कंप उरले. घरी तीनचाकी करणाऱ्याने यातून घ्यायचे ते इतकेच, की मागचा आस चौकटीला पक्का असेल आणि मध्ये साखळी असेल, तर इंजिन रबराविना घट्ट बसवावे, अथवा इंजिन व आस यांची एकच उपचौकट करावी. आमच्या मते सर्वांत सुज्ञ मार्ग म्हणजे रिक्षाची इंजिन, गिअरबॉक्स व डिफरन्शियल एकत्र असलेली अख्खी जुडीच घेणे. मात्र तेथे चाकांना मिळणाऱ्या साऱ्या टॉर्कची उलट प्रतिक्रिया आसनांवर येते, तेव्हा ती जितकी परस्परांपासून दूर ठेवता येतील तितकी ठेवावीत.

आता उमरग्याच्या हातोड्याकडे वळतो. त्या कारागिराने पट्ट्यांना आधी भोके पाडली, पट्ट्या पाइपला पुऱ्या वेल्ड केल्या, आणि वेल्डिंग थंड होताना ओढल्या गेलेल्या त्या पट्ट्यांमध्ये इंजिन ठोकून बसवले. पट्टी दोन मिलिमीटर सरकली होती. ते दोन मिलिमीटर क्रँककेसच्या कानाने अहोरात्र सोसले. याचा क्रम उलटा हवा. प्रथम आस आणि चाके आपल्या जागी, मग लाकडी ठोकळ्यांवर व पातळ चकत्यांवर इंजिन, मग दोन्ही स्प्रॉकेटांना सरळ पट्टी लावून साखळीची रेघ. पट्ट्या इंजिनालाच बोल्टांनी जखडून, त्या स्थितीत चौकटीवर केवळ टाके मारावेत. पुढे इंजिन उतरवून भंगारातील त्याच जातीचा रिकामा क्रँककेस त्या जागी बसवावा, आणि मगच एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे थोडे थोडे वेल्डिंग पुरे करावे. अर्थची पकड सांध्याशेजारीच लावावी, नाहीतर करंट बेअरिंगांतून वाट काढतो. जेथे बोल्ट पाइपातून आरपार जातो तेथे पाइपाच्या आत जाड नळीचा बुश वेल्ड करावा, कारण पोकळ पाइपावर नट आवळला की पाइप चेपतो आणि चेपलेला पाइप बोल्टाला ताण धरू देत नाही. सर्व थंड झाल्यावर प्रत्येक बोल्ट बोटांनी आत जातो का, हे पाहावे. तो हातोडा मागत असेल, तर पट्टी कापून पुन्हा बसवण्याला दुसरा पर्याय नाही. रबरावर इंजिन बसवले असेल तर इंजिनापासून चौकटीपर्यंत जाड अर्थची तार विसरू नये. नाहीतर स्टार्टरचा करंट क्लचच्या केबलीतून परततो आणि ती जाळून टाकतो.

कायद्याचा विषय थोडक्यात सांगतो. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, किकवर चालू होणारी चारचाकी केली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी त्यांच्या हुन्नराची जाहीर वाखाणणी केली आणि पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. पण ती गाडी नियमांत बसत नसल्याने स्थानिक अधिकारी आज ना उद्या ती रोखतील, असेही महिंद्रांनी तेव्हाच म्हटले होते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितले. म्हणून हौसेची तीनचाकी शेताच्या बांधापुरती ठेवावी. एमएच-२५ची पाटी तिला मिळेल, अशी आशा गिऱ्हाइकाला दाखवू नये.

अपंग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घेण्याची तजवीज मात्र त्याच कायद्यात आहे, आणि तुळजापूर, कळंब, परंड्याच्या गॅरेजांत स्कूटरला बाजूची दोन चाके जोडण्याचे जे काम येते ते याच सदरातले. तेथे आपण जोडतो त्या पट्टीवर असा माणूस बसणार आहे, ज्याला गाडी कलंडली तर उडी मारून बाजूला होता येत नाही. त्या गाडीच्या सांध्यांवर रंग चढवण्यापूर्वी भिंग लावून प्रत्येक कडा पाहावी, आणि गिऱ्हाइकाला ५०० किलोमीटर झाल्यावर परत बोलावून सर्व बोल्ट पुन्हा आवळून द्यावेत. त्याचे पैसे घेऊ नयेत.