आरोग्य पत्रिकेत मातीचा मगदूरही असावा

बंगळूर येथील कृषी विज्ञान विद्यापीठाच्या गांधी कृषी विज्ञान केंद्र परिसरात १९८६ पासून नाचणी-मका पीकक्रमावर खतांचा दीर्घकालीन प्रयोग सुरू आहे. तेथील लाल जमिनीत वर्षानुवर्षे केवळ नत्रयुक्त खत दिलेल्या वाफ्यांचा सामू उतरत गेला व उत्पादन ढासळले. ज्या वाफ्यांना रासायनिक खतांबरोबर शेणखत आणि चुना मिळाला, ते तगून राहिले. अकोल्यातही ज्वारी-गहू पीकक्रमावर असाच प्रयोग चालतो, परंतु तेथील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत आम्लतेचा हा प्रश्न उद्भवत नाही. या फरकाचे मूळ चिकणमातीच्या कणांत आहे.

चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, अमोनियम हे धनभारित आयन त्या भाराने कणांच्या पृष्ठभागावर धरले जातात. ही पकड कायमची नसते. मातीतील पाण्यात दुसरा धन आयन आला की पहिला जागा सोडतो आणि मुळांना उपलब्ध होतो. इंग्लंडमध्ये जॉन थॉमस वे यांनी १८५० च्या सुमारास हा विनिमय प्रयोगाने दाखवून दिला.

बंगळूर परिसरातील लाल माती ग्रॅनाइट व नीस खडकांपासून झाली. तिच्यात केओलिनाइट प्रमुख असून त्याची विनिमय क्षमता दर किलोस ३ ते १५ सेंटिमोल एवढीच असते. महाराष्ट्राच्या काळ्या मातीतील स्मेक्टाइटची क्षमता ८० ते १२० पर्यंत जाते. कोकणातील जांभ्या जमिनी या बाबतीत विदर्भापेक्षा बंगळूरच्या अधिक जवळच्या आहेत, ही गोष्ट राज्यभर एकच शिफारस देताना सहज विसरली जाते.

शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटकांची नोंद असते: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. विनिमय क्षमता त्यांत नाही. म्हणजे कोठारात माल किती आहे हे कळते, कोठार केवढे आहे हे कळत नाही.

पालाशाचेच उदाहरण घ्यावे. दोन शेतांच्या अहवालात उपलब्ध पोटॅशियम हेक्टरी २०० किलो आले. वरच्या थरातील मातीचे वजन हेक्टरी सुमारे २२.४ लाख किलो धरले, तर हे प्रमाण दर किलोस जवळजवळ ०.२३ सेंटिमोल होते. विनिमय क्षमता १० असलेल्या लाल जमिनीत पोटॅशियमने २.३ टक्के जागा व्यापलेल्या असतात; क्षमता ५० असलेल्या काळ्या जमिनीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. अहवालातील आकडा एक, पण मुळांपर्यंत पोटॅशियम पोचण्याची परिस्थिती निराळी. लाल जमिनीत ते सहज सुटते आणि मोठ्या पावसात तितक्याच सहज निचऱ्याबरोबर खाली जाते. म्हणून तेथे पालाश विभागून देणे योग्य. काळ्या जमिनीत धुपून जाण्याची भीती कमी, परंतु ‘पालाश भरपूर’ या शेऱ्यावर विसंबून वर्षानुवर्षे ते न देणे घातक ठरू शकते.

नत्राचेही असेच आहे. युरियापासून झालेला अमोनियम कणांना धरून राहतो. त्याचे नायट्रेट होताना हायड्रोजन आयन सुटतात आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमला जागेवरून हटवतात. ते नायट्रेटबरोबर वाहून जातात. लहान कोठार लवकर रिकामे होते व सामू घसरतो. बंगळूरच्या नत्र-वाफ्यांची अवस्था अशीच झाली. शेणखताचा उपयोग येथे केवळ अन्नद्रव्यांपुरता नाही. ह्यूमसची विनिमय क्षमता स्मेक्टाइटपेक्षाही अधिक असते, शिवाय केओलिनाइटच्या कडांवरील ऋणभार सामूसोबत वाढत असल्याने चुन्यानेही कोठार थोडे मोठे होते.

विनिमय क्षमतेची चाचणी वेळखाऊ आहे, प्रयोगशाळांवर आधीच भार आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. मात्र सामू किंवा नत्राप्रमाणे ही चाचणी प्रत्येक फेरीत करावी लागत नाही. चिकणमातीचा प्रकार एका शेतकऱ्याच्या हयातीत बदलत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोने, ज्याचे प्रादेशिक केंद्र बंगळूरच्या हेब्बाळ येथे आहे, देशातील मृदांचे नकाशे केलेले आहेत. त्यांच्या आधारे गावपातळीवर ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ असा ढोबळ शेरा पत्रिकेवर छापता येईल. पालाश एकदम द्यावे की दोन हप्त्यांत, एवढे ठरवण्यास कृषी सहायकाला तो शेरा पुरेसा आहे.