एक न दिलेला पेपर

पैशाची अफरातफर उघडी पडू लागली की माणूस पळून जातो, असा आपला समज असतो. पण वाचकहो, कधी कधी तो पळत नाही. ज्यांना उत्तर द्यायचे त्यांनाच संपवतो. फ्रान्समधल्या ज्याँ-क्लोद रोमाँच्या प्रकरणात तर खुनांपेक्षा त्याची सुरुवात आम्हाला जास्त अस्वस्थ करते.

१९७५ साली डॉक्टरकी शिकताना दुसऱ्या वर्षाच्या एका पेपराला तो बसलाच नाही. घरी मात्र पास झालो म्हणून सांगितले. पुढे बारा वेळा त्याच दुसऱ्या वर्षात नाव घातले. लग्न झाले, दोन मुले झाली. तो जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेत डॉक्टर आहे, असेच सगळे धरून चालले. हा गाडी घेऊन निघे आणि कुठेतरी वाहनतळावर, नाहीतर जंगलात वाचत बसे.

मग घर कशावर चालले? नातेवाइकांच्या पुंजीवर. स्वित्झर्लंडच्या बँकेत चांगल्या व्याजाने ठेवतो, असे सांगून त्याने आईवडिलांचे, सासरच्यांचे पैसे घेतले आणि खाल्ले. कॅन्सर झालेल्या नातेवाइकाला बनावट औषधही विकले. कागद कोण मागणार? घरच्या माणसाकडे, त्यात डॉक्टर जावयाकडे, हिशोब मागायचा कसा! (हा संकोच काही फक्त फ्रेंच लोकांचा नाही.) सासऱ्यांनी आपले थोडे पैसे परत मागितले, त्यानंतर लवकरच, १९८८ मध्ये, ते जिन्यावरून पडून वारले. घरात तेव्हा दोघेच होते. त्याने कायम इन्कार केला, सिद्ध काही झाले नाही.

शेवटी एका परिचित महिलेने आपले ९ लाख फ्रँक मागितले. ते उरलेच नव्हते. जानेवारी १९९३ मध्ये त्याने बायकोला, सात आणि पाच वर्षांच्या मुलांना, मग आईवडिलांना मारले. त्या महिलेवरही हल्ला केला, ती वाचली. नंतर घर पेटवून मुदत संपलेल्या गोळ्या घेतल्या, आणि तोही वाचला. १९९६ मध्ये जन्मठेप झाली.

घरच्यांना धक्का बसू नये म्हणून मारले, असे म्हणणे आम्हाला पटत नाही. कर्ज फेडता येते, तुरुंगही भोगता येतो. घरच्यांच्या नजरेतून उतरणे मात्र त्याला सोसवणार नव्हते. म्हणून त्याने त्या नजराच मिटवल्या.

निकालपत्रावर स्वतःच अब्बांची सही करणारी मुले आमच्याकडे दरवर्षी सापडतात. ती काही खुनी होत नाहीत, उगीच घाबरू नका! पण पकडल्यावर मार्कांबद्दल एकही जण बोलत नाही. सगळ्यांचे एकच म्हणणे, "घरी नका ना सांगू." आम्ही सांगतो. मात्र आधी अब्बांना बसवून पाणी देतो, पाच मिनिटे इकडचे तिकडचे बोलतो आणि मगच मुलाला आत बोलावतो.