बिलावर समाधान मानू नका

शेतकरी बंधूंनो, अपघात झाला की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो, 'दवाखान्याचं बिल कोण भरणार?' समोरच्या गाडीवाल्याने बिल भरलं की चार माणसं म्हणतात, 'चला, मिटलं!' माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका शेतकऱ्याचं असंच मिटलं. जीपच्या धडकेत डावा हात गेला, बिलाचे पैसे मिळाले आणि कागदावर सही झाली. आज त्याला बैल जुंपता येत नाहीत, फवारणीचा पंप मारता येत नाही. त्याची भरपाई कोणी मोजलीच नाही.

कायद्याने भरपाईचे दोन भाग आहेत. पहिला पैशात मोजता येणारा : औषधपाणी, जाण्यायेण्याचा खर्च, सोबतीच्या माणसाचा खर्च, बुडालेली आणि पुढे बुडणारी कमाई. दुसरा न मोजता येणारा : सोसलेल्या वेदना आणि जगण्यातलं हरवलेलं सुख. बिल हा यातला फक्त एक तुकडा आहे.

मोठी रक्कम असते ती पुढच्या कमाईची. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात स्पष्ट केलं, की अपंगत्वाचा टक्का आणि कमाईतली घट एकच नव्हे. डावा हात गेला तरी कारकुनाची नोकरी टिकू शकते; सुताराची कमाई जवळजवळ सगळीच बुडते. मग शेतकऱ्याचं काय? समजा, वय ४२, महिन्याची कमाई १२ हजार आणि घट निम्मी धरली. वर्षाचे ७२ हजार झाले. या वयाला गुणक १४. म्हणजे १० लाख ८ हजार रुपये! गाडीचा विमा चालू असेल तर ही रक्कम साधारणपणे विमा कंपनी भरते, गाडीवाल्याचं घर बुडत नाही.

तेव्हा पोलिसात नोंद कराच. दवाखान्याची बिलं, अपंगत्वाचा दाखला, सातबारा, आडतीच्या पट्ट्या, डेअरीची बिलं जपून ठेवा. शेतीची कमाई त्यावरूनच दाखवावी लागते. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. एप्रिल २०२२ पासून कायद्यात त्याला सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून उशीर नको. अपंग व्यक्तींना आणि महिलांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो.

आणि एक सांगणं, 'मिटलं' असं लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी हा सगळा हिशेब एकदा मांडून बघा.